बेडकाची वही

श्रोतेहो, नमस्कार.

शहरात बस असते, मेट्रो असते, भाड्याच्या सायकली असतात, चौघांनी मिळून जायच्या शेअर गाड्याही असतात. तरी माणूस स्वतःचं वाहन काढतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: मध्ये गाडी बदलावी लागते. वाहतुकीचे नियोजक थांब्यावरचं एक मिनिट गाडीत बसलेल्या मिनिटाच्या दीडपट ते दुप्पट धरतात, कारण माणसाला ते तेवढं लांब वाटतं. एकात्मिक वाहतुकीचं, म्हणजे ही सगळी वाहनं एकमेकांना जोडून चालवण्याचं, सगळं काम या बदलाच्या जागेवर आहे. तिथे तीन गोष्टी बघायच्या: चालायचं किती, थांबायचं किती आणि तिकीट पुन्हा काढायचं की नाही. पुन्हा सांगतो: चालणं, थांबणं, तिकीट.

तिकिटाचा प्रश्न सर्वांत आधी सुटला. 1965 साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये शहरातल्या वाहतूक संस्थांनी एकत्र येऊन संयुक्त मंडळ केलं. एक नकाशा, एक भाडेपद्धत, आणि जमलेले पैसे आपसात वाटून घ्यायचे. भांडण होतं ते या वाटणीवरून, तंत्रावरून नव्हे.

थांबण्याचा हिशेब मात्र शाळेतला लसावि आहे. मुख्य मार्गावर दर 15 मिनिटांनी गाडी, आणि वस्तीतून तिथवर आणणारी पूरक बस दर 20 मिनिटांनी. ऐकायला छान वाटतं. पण पंधरा आणि वीस यांचा लसावि साठ, म्हणजे दोघींची गाठ तासातून एकदाच पडते. बाकीचे प्रवासी कुणी 5, कुणी 10, तर परतीला कुणी 15 मिनिटं ताटकळतात. तीच पूरक बस दर 30 मिनिटांनी केली, तर फेऱ्या कमी होऊनही प्रत्येक फेरीची गाठ पडते. दर 15 मिनिटांनी करता आली तर उत्तमच. आणि गाठ म्हणजे दोन्ही गाड्या एकाच मिनिटाला नव्हेत. उतरून पलीकडे जायला तीन-चार मिनिटं सोडायची, नाहीतर धापा टाकत आलेल्या माणसाला सुटलेल्या गाडीची पाठच दिसते.

आता एक गोष्ट सांगतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची राजधानी सांतियागो. तिथे पूर्वी पिवळ्या बस धावत. मालक हजारो, आणि चालकाची कमाई तिकिटांवर. जितके प्रवासी, तितके पैसे. साहजिकच चालकाला पुढच्या बसच्या फार जवळ जाऊन चालत नसे, कारण थांब्यावरची माणसं ती आधीच उचलून नेई. आणि मागे रेंगाळलं तर मागची बस ओलांडून पुढे जाई. मग पुढची बस किती मिनिटांवर आहे हे कळायचं कसं?

त्यासाठी रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा असे. हातात वही, पेन्सिल, घड्याळ. प्रत्येक बस गेली की वेळ टिपायची, आणि मागून येणारा चालक पोचला की ओरडून सांगायचं, ‘अमुक गाडी चार मिनिटांपूर्वी गेली!’ चालक खिडकीतून दोन नाणी टाकी आणि त्याप्रमाणे वेग कमीजास्त करी. या माणसाला सांतियागोत म्हणत ‘सापो’, म्हणजे बेडूक. कुणाच्या नोकरीत नाही, कुठल्या नकाशात नाही; पण दोन बसमधलं अंतर राखायचं काम हे बेडूक करत होते. आज नियंत्रण कक्षात पडदे लावून जे करतात तेच, नाण्यावर.

अर्थात ही व्यवस्था काही गोड नव्हती. शर्यती लागत, अपघात होत, सवलतीचं तिकीट काढणारी शाळकरी मुलं दिसली की बस थांबतही नसे. म्हणून सरकारने सगळंच बदलायचं ठरवलं. शहराचे दहा विभाग, प्रत्येकाला एक रंग. विभागात पूरक बस, विभागांना जोडणाऱ्या मुख्य बस, कण्यासारखी मेट्रो, आणि सगळीकडे चालणारं एकच कार्ड. ठरावीक वेळेत दोनदा गाडी बदला, तिकीट तेच. कागदावर बघाल तर दोष काढायला जागा नाही. नाव ठेवलं ‘ट्रान्सांतियागो’.

दिनांक 10 फेब्रुवारी 2007, शनिवार. एका दिवसात जुने मार्ग बंद, नवे सुरू. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, गर्दी कमी, म्हणून हा महिना निवडला. मार्चमध्ये शाळा-कचेऱ्या उघडल्या आणि खरं चित्र दिसलं. पूर्वी एका बसने थेट जाणाऱ्या माणसाला आता दोन गाड्या बदलायच्या होत्या, पण गाड्यांची संख्या आधीपेक्षा कमी केलेली. बससाठी राखीव मार्गिका पुरेशा झालेल्या नव्हत्या. बसवर नजर ठेवणारी उपग्रहाची यंत्रणा तयार नव्हती. आणि सर्वांत मोठी मेख करारात होती. बस चालवणाऱ्या कंपन्यांना ठरावीक उत्पन्नाची हमी होती, प्रवासी चढोत न चढोत. चालकाला ठरलेला पगार. मग आगारातून गाडी बाहेर काढायची घाई कुणाला?

आणि बेडूक? चालकाला त्याची गरज उरली नाही, तो गेला. उपग्रह यायचा होता, वही गेली होती. मधल्या काळात दोन बसमधलं अंतर राखणारं कुणीच नव्हतं. तीन बस एकापाठोपाठ येत आणि मग बराच वेळ एकही नाही. बसला कंटाळून लोक मेट्रोत घुसले. तिची प्रवासीसंख्या वर्षभरात जवळपास दुप्पट झाली, गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये सहा-सहा माणसं उभी. मार्चमध्येच राष्ट्राध्यक्ष मिशेल बाशेले यांनी जाहीरपणे जनतेची माफी मागितली. बसच्या वेळापत्रकासाठी राष्ट्राध्यक्षांनी माफी मागायची, ही गोष्ट कितीदा सांगितली तरी मला पुरत नाही.

दुरुस्तीला वर्षं लागली. गाड्या वाढवल्या. गर्दीच्या थांब्यांना कठडे घालून आत शिरतानाच कार्ड लावायची सोय केली, म्हणजे बसच्या सगळ्या दारांतून एकदम चढता येतं. करार बदलून कंपन्यांचं उत्पन्न वाहिलेल्या प्रवाशांशी आणि नेमाने सोडलेल्या फेऱ्यांशी जोडलं. पुढे नावही बदललं. नाव बदलणं हा सगळीकडचाच आवडता उपाय. तसा थांब्याला तिरका बाक लावणं हाही. त्यावर ना बसता येतं ना टेकता येतं, आणि काचेचं छत इतकं उंच की पाऊस आडवा आत. असो.

तर मुद्दा: गाडी बदलायला लावायची असेल, तर आधी फेऱ्या वाढवा. फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. जाऊन-येऊन 50 मिनिटं, शेवटच्या थांब्यावर 10 मिनिटांची उसंत, म्हणजे फेरा 60 मिनिटांचा. दर 10 मिनिटांनी बस हवी, तर साठ भागिले दहा, सहा बस. रस्ता तुंबून फेरा 80 मिनिटांवर गेला, तर त्याच सेवेला आठ बस लागतात. राखीव मार्गिका रंगवण्याचा खर्च या दोन बस आणि त्यांच्या चालकांच्या पगाराशी ताडून बघावा. उसंतीची 10 मिनिटं मात्र कधीही कापू नयेत. उशीर मुरतो तो तिथेच.

शेअर सायकलींचं दुखणं वेगळं. सकाळी सगळे स्थानकाकडे येतात, तिथल्या सायकल अडकवायच्या खुंट्या भरून जातात आणि वस्तीतल्या रिकाम्या पडतात. म्हणून एका सायकलमागे साधारण दोन खुंट्या ठेवतात, आणि टेम्पो फिरवून सायकली परत वस्तीत नेतात. हा टेम्पो अंदाजपत्रकात नसला की योजना सहा महिन्यांत गंजते. सायकलींचा तळ स्थानकाच्या दारासमोर हवा. रस्ता ओलांडून पलीकडे असेल तर बरेच लोक फिरकत नाहीत. शेअर गाड्यांनाही तिथेच ठरलेली जागा आखून द्यावी, नाहीतर त्या बसथांब्यावरच उभ्या राहतात आणि बस रस्त्याच्या मधोमध माणसं उतरवते. परवाना देतानाच आणखी एक अट घालावी: वाहन कुठे आहे, मोकळं आहे की नाही, ही माहिती ठरलेल्या नमुन्यात शहराला मिळालीच पाहिजे. नंतर मागितली तर कुणी देत नाही.

मोबाइल ॲपचा क्रम यानंतरचा. फिनलंडमध्ये हेलसिंकीत बस, टॅक्सी, सायकल, भाड्याची मोटार हे सगळं एका मासिक वर्गणीत देणारं ‘व्हिम’ नावाचं ॲप जगभर गाजलं. ते चालवणारी कंपनी 2024 साली दिवाळखोरीत गेली. दुसऱ्याची तिकिटं विकून सुटणारा नफा फार पातळ असतो.

शेवटी रात्रीच्या अखेरच्या गाडीबद्दल. दिवसा, दुसरी गाडी उशिरा आहे म्हणून तिच्यातल्या प्रवाशासाठी बस थांबवून ठेवू नये. दर 10 मिनिटांनी दुसरी येतेच, आणि एकासाठी चाळीस जण खोळंबतात. अखेरच्या फेरीला मात्र उलटा नियम: मुख्य गाडी उशिरा असेल, तर नियंत्रण कक्षाने पूरक बसच्या चालकाला कळवायचं आणि त्याने पाच मिनिटांपर्यंत थांबायचं. हे वेळापत्रकातच छापलेलं हवं, म्हणजे उतरणाऱ्या माणसाला पळावं लागत नाही आणि चालकाला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

नमस्कार.