शाळा सुटते तेव्हा आधी कोण?

नमस्कार. अध्यक्षांनी माझी ओळख निवृत्त मुख्याध्यापिका अशी करून दिली. पण शाळा सुटतानाच्या गर्दीतल्या सौजन्याबद्दल आज जे सांगायचंय ते मला मुख्याध्यापकांच्या खोलीत समजलं नाही, गेट ड्युटीवर समजलं. सभागृहात शिक्षक बरेच दिसतायत, त्यांना गेट ड्युटी काय असते ते सांगायला नको. गळ्यात शिट्टी, हातात छत्री, आणि कुठलं मूल आईबरोबर जातं, कुठलं आजोबांबरोबर, कुठलं रिक्षावाल्या काकांबरोबर, हे सगळं तोंडपाठ.

आमची शाळा पेठेतली, दोन अधिवेशनांची. म्हणजे साडेबाराच्या आगेमागे सकाळची मुलं बाहेर पडतात आणि त्याच दारातून दुपारची आत शिरतात. बोळ एवढा की दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. समोर सोसायटीचं गेट, बाजूला किराणा, पलीकडे दवाखाना. या जागेत शे-दीडशे दुचाक्या, व्हॅन, रिक्षा आणि अलीकडे चारचाक्या. पेठेत राहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आत्ता आपापला बोळ आला असेल.

जुलैतली एक दुपार सांगते. पाऊस धो धो. एक मोठी गाडी बरोब्बर गेटसमोर येऊन उभी राहिली, चारही इंडिकेटर लावून. ही एक नवी समजूत झालीय, चारही इंडिकेटर लावले की गाडी कुठेही उभी करता येते. वॉचमनकाकांनी काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली, "दोनच मिनिटं" ऐकू आलं, काच वर. आता त्या गृहस्थांचा मुलगा दुसरीत, आणि दुसरीच्या बाई अजून फळ्यावरचा गृहपाठ वहीत उतरवून घेत होत्या. तेव्हा दोन मिनिटांत मूल येणार कुठून?

मागे रिक्षाकाका अडकले. त्यांच्या मागे व्हॅन. एका ताईंनी वाट काढायला स्कूटी फूटपाथवर घातली. फूटपाथवरून एक आजी नातवाचा हात धरून चालल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या आणि चेंबरच्या झाकणावरून त्यांचा पाय घसरला. सुदैवानं किराणावाल्यानं धावत येऊन सावरलं, पण नातवाचं दप्तर पाण्यात पडलं. ताई मागे न बघता गेल्या. त्यांच्यापुढे मुलगी उभी होती, हेल्मेटशिवाय. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे हो, मोटार वाहन कायद्यात तसं लिहिलेलं आहे. असो, तो वेगळा विषय आहे, त्यावर बोलायला लागले तर इथेच संध्याकाळ होईल.

मला सांगायचंय ते रिक्षाकाकांचं. पंधरा मिनिटं ते तिथेच अडकले. सकाळची मुलं घरोघर सोडून त्यांना पुढे दुपारची मुलं घ्यायची होती, दुसऱ्याच शाळेची. ती मुलं आपापल्या सोसायटीच्या दाराशी युनिफॉर्म घालून पावसात उभी. उशीर झाला, त्या शाळेचं गेट बंद झालं, आणि मुलांच्या डायरीत लाल शाईनं 'उशिरा आला' शेरा पडला. काकांनी दुसऱ्या दिवशी मला स्वतः सांगितलं. एका पालकांनी त्या महिन्याचे पैसेही कापले म्हणे. ज्यांनी गाडी लावली त्यांना यातलं काही कळलं नाही. कळणार तरी कसं? त्यांचं मूल आलं, बसलं, गाडी गेली.

आणि जाण्यापूर्वी त्यांनी काय केलं? वॉचमनकाकांनी पुन्हा टकटक केली, तर काच खाली घेऊन मोठ्या आवाजात, "नाव काय तुमचं? कम्प्लेंट करतो." काका साठीचे. निळा शर्ट भिजून अंगाला चिकटलेला. काही बोलले नाहीत. तेवढ्यात मुलगा बाहेर आला आणि त्यानं हे पाहिलं. रोज सकाळी त्याच काकांना तो "गुड मॉर्निंग काका" म्हणायचा. दुसऱ्या दिवशी तो खाली मान घालून आत गेला. मला त्या मुलाबद्दल फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

हॉर्नचंही सांगते. शाळेभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात, आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा पन्नास डेसिबल. वर्गात फळ्यासमोर उभं राहून मी कविता म्हणत असताना खालून सुरू व्हायचं, शेवटच्या बाकापर्यंत एक शब्द पोचायचा नाही. आपल्याच मुलाचा तास चालू आहे आणि आपण खाली हॉर्न वाजवतोय, हे पालकांच्या लक्षात कसं येत नाही?

मध्ये आणखी एक झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाचा निर्णय आला, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण थोरला सातला आणि धाकटी नऊला, अशा घरांच्या फेऱ्या दुप्पट झाल्या, व्हॅनवाल्यांचं गणित बिघडलं, आणि बालवाडीची मुलं नेमकी ऑफिसच्या गर्दीत रस्त्यावर आली. घाई वाढली की माणूस आधी सौजन्य सोडतो. त्यामुळे आईवडिलांची ओढाताण मला समजते. ते वाईट नाहीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणतात. ज्यासाठी बोलावलं ते राहिलंच, तेव्हा पटापट सांगते.

माझं म्हणणं असं की गेटवरचं सौजन्य प्रत्येकाच्या स्वभावावर सोडून भागणार नाही. आधी कोण, हे ठरवावं लागेल. सर्वांत आधी पायी चालणारा, म्हणजे एकटं जाणारं मूल, आजी, धुण्याभांड्याच्या कामातून पळत आलेली आई. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव प्रवेशाच्या मुलांच्या कितीतरी आया अशा पायीच येतात. त्यांच्यानंतर बस, व्हॅन, रिक्षा, कारण एका वाहनात अनेक घरांची मुलं असतात. मग दुचाकी. एका मुलासाठी आलेली चारचाकी सर्वांत शेवटी, आणि तीही गेटपाशी येणार नाही. ती नाक्यावर थांबेल, तिथून चालत यायचं. ज्यांच्या मुलाला चालता येत नाही किंवा जे स्वतः आजारी आहेत, त्यांना गेटपर्यंत मोकळी वाट. शाळेच्या दाराशी वाहन उभं करू नये, हे १९८९ च्या रस्ता नियमांतही होतं, मी नवीन काही सांगत नाहीये.

हे होणार नाही असं म्हणू नका. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८९ पासून शाळा भरता-सुटताना शाळेपुढचा रस्ता वाहनांना बंद ठेवतात. लांब कशाला, आपल्या पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो, दिवसभर गाड्या बंद असतात. दिवसभर लक्ष्मी रस्ता बंद ठेवता येतो, तर शाळेचा बोळ वीस मिनिटं का नाही ठेवता येणार?

यासाठी नवी समितीही नको. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला हवी, मुख्याध्यापक अध्यक्ष, आणि पालकांचा प्रतिनिधी नि वाहतूक पोलीसही त्यात असतात. तुमच्या शाळेतली समिती शेवटची कधी बसली, ते उद्या विचारा. बैठकीला रिक्षाकाका आणि वॉचमनकाका यांना खुर्ची द्या, बोळाची माहिती त्यांच्याइतकी कुणालाच नाही.

वेळ संपली. दाराजवळच्या टेबलावर कागद ठेवलाय. नाक्यावर शाळा सुटताना आळीपाळीनं उभं राहायला जे पालक, आजोबा तयार असतील त्यांनी नाव आणि वार लिहा. सोमवार आणि शनिवारी माणसं कमी पडतात, ते वार आधी भरा. शिट्ट्या मी आणल्यात.