आधी समुद्र, मग बाजार

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी आरान नावाची तीन बेटं आहेत. त्यांतल्या इनिशमान आणि इनिशीर या दोन लहान बेटांवरची गाय बाजाराला निघाली, की आधी तिला समुद्रात उतरावं लागे.

थोरल्या इनिशमोरला बोट लागायला धक्का होता. या धाकट्या दोघींना कितीतरी वर्षं तो नव्हता. गॉलवेहून आलेली आगबोट दूरवर नांगर टाकून उभी राहायची. तिच्यापर्यंत जायला बेटकऱ्यांकडे होती करख, म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणून केलेली हलकी होडी. डुकरं, मेंढरं पाय बांधून तिच्यात निजवता येत. गाईचा मात्र एक खूर पडला असता तरी कापड फाटलं असतं. म्हणून माणसं होडीत आणि गाय पाण्यात!

वल्हेकरी वल्ही मारत राहायचे. मागे बसलेला माणूस कासरा आखडून गाईचं तोंड पाण्याच्या वर धरायचा. सगळी मदार त्याच्यावर, कारण लाटेचं पाणी नाकात शिरलं तर खेळ खलास. बोटीशी पोचलं की त्या हेलकाव्यात तिच्या पोटाखालून रुंद पट्टा सरकवायचा आणि वर इशारा करायचा. मग बोटीवरची यारी ते ओलंचिंब धूड चार पाय लोंबकळत उचलून घ्यायची. पाहुण्यांना हे बघायला मोठी मौज वाटे. मालकाला कशी वाटेल? गाय बुडाली तर दावणीतली रोकडच बुडाली.

हे फार जुनं समजू नका. आरानची ‘नीव एना’ ही बोट १९५८ पासून १९८८ पर्यंत धावत होती.

स्कॉटलंडच्या वॅटर्से बेटावरही अशीच रीत होती. तिथली गुरं होडीमागे पोहत शेजारच्या ‘बारा’ नावाच्या बेटावर जायची. १९८६ मध्ये बर्नी नावाचा एक नामांकित वळू त्या खाडीत बुडाला आणि बातमी सगळीकडे झाली. बेटकरी पक्का रस्ता मागतच होते. सरकारला जाग आली ती मात्र बैल गेल्यावर. १९९१ मध्ये खाडीत दगडांचा भराव घालून रस्ता झाला. आता तिथली गुरं गाडीत बसून पलीकडे जातात.