एकदाच दाखवलेला व्हिडिओ

(काळा पडदा. फक्त आवाज.)

एक गव्हर्नर गाडीत बसतो. दार लागतं. दुसरीकडे एक माणूस बटण दाबतो, आणि गाडी गव्हर्नरसकट उडते.

बटण दाबणारा माणूस आहे चक डी, न्यूयॉर्कच्या पब्लिक एनेमी या हिप-हॉप ग्रुपचा मुख्य रॅपर. सगळा अर्थातच अभिनय. महिना जानेवारी, साल 1992, आणि गाणं 'बाय द टाइम आय गेट टू ॲरिझोना'. एमटीव्हीने हा व्हिडिओ एकदा दाखवला आणि मग बासनात गुंडाळून ठेवला.

आणि हे सगळं कशावरून? एका सुट्टीवरून.

(ॲरिझोनाचा नकाशा. फिनिक्स शहरावर खूण.)

1983 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर सही केली. जानेवारीतला तिसरा सोमवार. 1986 पासून ती सुरूही झाली. पण केंद्राने सुट्टी दिली म्हणून राज्याने द्यायलाच हवी असं अमेरिकेत नसतं. ॲरिझोनाच्या विधिमंडळात प्रस्ताव अडकला, तेव्हा गव्हर्नर ब्रूस बॅबिट यांनी जाता जाता स्वतःच्या अधिकारात आदेश काढून टाकला. त्यांच्या जागी आलेल्या इव्हान मेकॅम यांनी 1987 मध्ये खुर्चीत बसल्याबसल्या तो रद्द केला.

मेकॅम म्हणत होते की असा आदेश काढायचा अधिकार गव्हर्नरला नाहीच. कायद्याच्या भाषेत या मुद्द्यात दम होता. तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित निभावलं असतं. पण काळ्या समाजाला त्यांनी वर ऐकवलं की तुम्हा लोकांना आणखी एक सुट्टी नकोय, तुम्हा लोकांना नोकऱ्या हव्यात. 'तुम्हा लोकांना'. सगळं पाणी तिथेच मुरत होतं.

1988 मध्ये महाभियोग चालून मेकॅम पदावरून गेले, तेही भलत्याच प्रकरणात. सुट्टीचं घोंगडं भिजतच राहिलं. नोव्हेंबर 1990 मध्ये प्रश्न थेट मतदारांपुढे आला, आणि तोही कसा, तर एकाच मतपत्रिकेवर सुट्टीचे दोन वेगवेगळे प्रस्ताव. मतं फुटली. दोन्ही पडले, त्यातला एक जेमतेम 17 हजार मतांनी. मग एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने, 1993 चा आपला अंतिम सामना, सुपर बोल, ॲरिझोनाच्या टेम्पी शहरातून उचलला आणि कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला दिला. किंग यांच्यासाठी जे राज्य हललं नव्हतं, ते फुटबॉलसाठी मात्र हललं. पण त्याकडे नंतर येऊ.

(रेकॉर्डवर सुई टेकते. गिटारचा जड, सावकाश ठेका.)

गाणं आलं 1991 च्या अल्बममध्ये. मॅन्ड्रिल या फंक बँडच्या जुन्या रेकॉर्डवरून उचललेला हा ठेका धावत नाही, पाय आपटत चालतो. खरी गंमत मात्र शीर्षकात आहे. 1967 मध्ये ग्लेन कॅम्बेलच्या आवाजात एक हळवं गाणं गाजलं होतं, 'बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स'. त्यातला माणूस प्रेयसीला सोडून निघालाय. मी फिनिक्सला पोचेन तेव्हा ती नुकती उठत असेल, असं मनाशी म्हणत तो दूर दूर जातो. चक डीने शब्द जवळपास तेच ठेवले आणि प्रवासाची दिशा फिरवली. हा माणूस ॲरिझोना सोडून जात नाही. तो तिथे पोचतोय, हिशेब चुकता करायला.

(दोन दृश्यं, आळीपाळीने.)

दिग्दर्शक एरिक मेझा यांनी व्हिडिओत दोन काळ एकमेकांत विणलेत. एकीकडे 1960 च्या दशकातल्या नागरी हक्क आंदोलनांचे पुन्हा उभे केलेले प्रसंग. दुसरीकडे व्हिडिओच्या काळातला ॲरिझोना, कवायत करणारे पब्लिक एनेमीचे गणवेशधारी साथीदार, विष घालून मारलेला एक सिनेटर आणि शेवटी ती गाडी. मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या गॅलरीत 4 एप्रिल 1968 ला किंग यांच्यावर झाडलेली गोळीही इथे पुन्हा सुटते. गॅलरी आणि गाडी. गाडी आणि गॅलरी.

आक्षेप यायला वेळ लागला नाही. ज्या माणसाने अहिंसेसाठी जीव दिला, त्याच्या नावाने बॉम्ब? आक्षेप रास्त होता. चक डीला टीव्हीवर येऊन बाजू मांडावी लागली.

पण हा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहताना माझं लक्ष त्या जोडकामावर अडकतं. यातला एक खून खोटा आहे आणि एक खरा. लोक हादरले ते खोट्या खुनाने. खरा खून त्यांनी दरवर्षी जानेवारीत इतक्यांदा पाहिला होता की आता तो टोचत नव्हता; पोस्टाच्या तिकिटावरच्या चित्रासारखा झाला होता. मेझा यांनी त्याच्याशेजारी उडणारी गाडी ठेवली, आणि गॅलरीतली गोळी पुन्हा गोळीसारखी ऐकू आली. अख्ख्या व्हिडिओत मला सगळ्यात धारदार वाटते ती ही कात्री.

सगळ्यात कच्चं वाटतं ते गाडीत बसलेलं पात्र. जानेवारी 1992 मध्ये ॲरिझोनाचे गव्हर्नर होते फाइफ सिमिंग्टन, आणि त्यांचा सुट्टीला पाठिंबा होता. मेकॅम जाऊन चार वर्षं होत आली होती. राग खरा, पत्ता जुना. शेवटचा नकार तर कुणा गव्हर्नरने दिलाच नव्हता. तो दिला होता लाखो मतदारांनी, पडद्याआड, एकेकट्याने. आता एवढ्या मतदारांना एका गाडीत कसं बसवणार? खलनायकाला चेहरा लागतो, म्हणून गव्हर्नर.

(मतदान केंद्राबाहेरची रांग.)

नोव्हेंबर 1992 मध्ये ॲरिझोनाने पुन्हा मतदान केलं. या वेळी प्रस्ताव एकच होता. सुमारे 61 टक्के मतदारांनी होकार दिला. नुसत्या मतांच्या जोरावर सुट्टी मिळवणारं हे राज्य, म्हणून त्याचं कौतुकही झालं.

यात गाण्याचा वाटा किती? पब्लिक एनेमीचे चाहते छातीठोक सांगतील, पण मला ते पटत नाही. दोनाचा एक झालेला प्रस्ताव, गेलेला सुपर बोल, बाहेरच्या संस्थांनी तिथे भरवायची रद्द केलेली अधिवेशनं, हॉटेलांच्या रिकाम्या खोल्या: या गोष्टींचं वजन जास्त असणार. गाण्याने एक मात्र केलं. विधिमंडळाच्या फायलींत पडलेलं एका राज्याचं भांडण त्याने देशभरच्या पोरांच्या हेडफोनमध्ये नेऊन ठेवलं.

(कॅलेंडरचं पान. जानेवारी 1993.)

18 जानेवारी 1993, सोमवार. ॲरिझोना राज्याची सरकारी कार्यालयं किंग यांच्या नावाने पहिल्यांदा बंद राहिली.

त्याच महिन्याच्या 31 तारखेला सुपर बोल झाला. पॅसाडिनात.