खानापूरचं डुक्कर आणि बाटलीतलं डुक्कर

आमच्या खानापूर भागात डुकराचं नाव काढलं की माणूस आधी शिव्या घालतो. भात पोटरीला आलं की एका रात्रीत सगळं लोळवून जातात, माळ्यावर बसून डबा बडवत रात्री काढलेल्या माणसाला जाऊन सांगा की याच जातीची किडनी माणसाला बसवायचं चाललंय, तो म्हणेल काय गा, सकाळ सकाळीच घेतलीस काय.

पण आमचे काका, ज्यांनी अशा कितीतरी रात्री काढल्या, ते आता आठवड्यातून तीनदा पहाटेची बस धरून बेळगावला डायलिसिसला जातात, चार-चार तास मशीनवर. म्हणून हा विषय.

साधं फार्मवरचं डुक्कर अडीचशे किलोपर्यंत जातं, आणि त्याची किडनी दुसऱ्याच्या पोटात गेली तरी आपल्याच मापानं वाढायला बघते. म्हणून मिनी डुक्कर. युकाटन नावाची जात आहे, पूर्ण वाढली तरी साधारण माणसाएवढ्या वजनाची.

आता लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली बाटलीतलं जे दिसतं तेही डुक्करच आहे, हसू नका. डुकराच्या कानाच्या कातडीचा बारका तुकडा घेतात, नाहीतर महिन्याभराच्या गर्भातल्या पेशी, आणि गुलाबी पाण्याच्या चपट्या बाटलीत वाढवतात. लांबुडक्या, दोन्हीकडनं निमुळत्या पेशी तळाला चिकटून पसरतात, दाटी झाली की वाढ थांबते, मग ट्रिप्सिन नावाचं, चिकटलेलं सोडवणारं एन्झाइम टाकून सुट्या करायच्या आणि नवीन बाटलीत थोड्या थोड्या लावायच्या. आपण तरवा उपटून रोप लावतो ना, अगदी तसंच. फरक एवढाच की हा तरवा ठरावीक वेळाच लावता येतो, नंतर पेशी म्हाताऱ्या होतात.

आणि खरी गोची इथंच आहे. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते, तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या रक्तात आधीपासूनच फिरत असतात, त्यामुळं साधी किडनी लावली तर काही मिनिटांत, फार तर काही तासांत बाद. ती साखर बनवणारा जीन बंद करायचा तर एकच पेशी निवडून तिचे लाखो करावे लागतात, तोवर ती थकलेली. मग तिचं केंद्रक, केंद्रक काढलेल्या अंड्यात घालायचं, डुकरिणीच्या पोटात ठेवायचं, ११४ दिवस थांबायचं, आणि झालेल्या पिल्लाच्या कानातनं परत ताज्या पेशी घ्यायच्या. बहुतेक वेळा पिल्लू होतच नाही, ते वेगळं. चांगली पेशी मिळाली की उणे १९६ अंशावर लिक्विड नायट्रोजनमध्ये, आपल्या बियाण्याच्या कणगीसारखी जपून.

क्लोन केलेली पहिली पिल्लं मार्च २००० मध्ये अमेरिकेत झाली. जानेवारी २००२ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या टीमनं मिनी डुकराच्या पेशींत त्या साखरेच्या जीनची एक कॉपी बंद करून पिल्लं क्लोन केल्याचं जाहीर केलं. कॉप्या दोन असतात हो, एकीनं भागत नाही. आणि मार्च २०२४ मध्ये बोस्टनला रिचर्ड स्लेमन यांना युकाटन डुकराची किडनी बसवली, ६९ बदल केलेली, त्यातले ५९ नुसते डुकराच्या जीनमध्ये दडून बसलेले व्हायरस बंद करायला. दोनेक महिन्यांनी ते गेले, किडनीमुळं गेल्याचं दिसत नाही असं हॉस्पिटलनं सांगितलं.

आपल्याकडं १९९७ मध्येच आसामात डॉ. धनीराम बरुआंनी डुकराचं हृदय माणसात बसवलं होतं, असल्या पेशी-बिशी काही तयार नसताना. पेशंट आठवड्यात गेला, डॉक्टर जेलमध्ये.

काकांना मोबाइलवर त्या युकाटनचा फोटो दाखवला. बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "केसं न्हाईत की रं याला." सध्या काकीची किडनी जुळते का ते बघायचं चाललंय, रिपोर्ट सोमवारी आहे.