डोळ्यांचा नंबर तोच आहे

"आता वय झालं, असंच चालायचं." तपासणीच्या खोलीत हे वाक्य मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा ते म्हातारं माणूस बोलतच नाही, सोबत आलेलं कुणीतरी बोलतं.

गुडघे दुखतात म्हणून एक आजी आल्या होत्या. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सूनबाईच देत होत्या, अगदी काळजीने. वाचन थांबलंय, डोळे गेलेत, असं त्यांनीच सांगितलं. मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. आजी चष्म्याची डबी उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "नंबर तोच आहे हो. पुस्तक हातात घ्यावंसंच वाटत नाही."

उतारवयातलं नैराश्य असं येतं. रडू नसतं, 'मी उदास आहे' असं कुणी म्हणत नाही. अंग दुखतं, झोप लागत नाही, जेवण जात नाही. आणि या तक्रारी म्हातारपणात तशाही असतातच, म्हणून मूळ दुखणं झाकून जातं. जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल ही प्रश्नावली नेमकी याच अडचणीतून तयार झाली. तिची 1986 सालची छोटी आवृत्ती 15 प्रश्नांची आहे. उत्तरं फक्त हो किंवा नाही, तीही गेल्या आठवड्यापुरती. झोप, भूक, दुखणी तिने मुद्दाम वगळली आहेत. आवडीच्या गोष्टी सोडल्यात का, आयुष्य रिकामं वाटतं का, असं ती विचारते. 5 पेक्षा जास्त गुण आले तर पुढची नीट तपासणी करायची.

गुण म्हणजे निदान नव्हे, हे मी कळकळीने सांगतो. थायरॉइड मंदावलं असेल, बी-12 कमी असेल, एखादं औषध बाधत असेल, तरी माणूस असाच कोमेजतो. ऐकू कमी येत असेल तर प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून समोर धरा. स्मृतिभ्रंश बराच वाढला असेल तर त्या माणसाच्या स्वतःच्या उत्तरांवर विसंबता येत नाही. तिथे सांभाळणाऱ्या माणसालाही विचारणारं कॉर्नेल स्केल वापरतात.

पीएचक्यू-9 या नैराश्याच्याच दुसऱ्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तो विचारताना आपलीच जीभ अडखळते, काही जण तो गाळून पुढे जातात. कृपा करून गाळू नका. विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात नव्याने शिरत नाही. उलट कित्येकांना बोलून हलकं वाटतं. उत्तर होकारार्थी आलं तर कागद बाजूला ठेवा आणि खुर्ची जवळ ओढा. काही ठरवलंय का, घरात गोळ्या साठवल्यात का, हे तिथेच विचारा. तसं काही असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवायचं, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.