बर्फात रुतणाऱ्या चाकापासून आर्क्टिकच्या गस्तीपर्यंत

(दृश्य: जुन्या स्नोमोबाइलचा मागचा भाग, अगदी जवळून)

हा पट्टा नीट पाहा. रबराचे लांब पट्टे, त्यांना जोडणाऱ्या पोलादी आडव्या कांबी आणि हे सगळं ओढणारं, रबर चढवलेलं दातेरी चाक. भुसभुशीत बर्फात साधी मोटार रुतते, कारण तिचा सगळा भार चार चाकांखालच्या एवढ्याशा जागेवर येतो. पट्ट्यामुळे तोच भार पसरतो आणि गाडी वरच्यावर चालत राहते.

ही रचना कॅनडातल्या क्युबेक प्रांताची. व्हालकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए पोरवयापासून बर्फावर चालेल अशा गाडीमागे लागले होते. 1934च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या दुखण्यानं गेला. रस्ते बर्फानं बंद होते, त्याला इस्पितळात नेताच आलं नाही. 1937 साली त्यांना पट्ट्याचं पेटंट मिळालं. पुढे त्यांच्या बी-12 गाडीतून, प्लायवूडची बॉडी आणि गोल खिडक्यांच्या त्या गाडीतून, डॉक्टर जाऊ लागले, टपाल जाऊ लागलं, शाळेची मुलंही जाऊ लागली.

मग महायुद्ध आलं. अमेरिकेत नॉर्वेवरच्या छाप्यांसाठी ‘वीझल’ तयार झाली; ती मोहीम रद्द झाली आणि बर्फासाठी घडवलेली ही गाडी युरोपच्या चिखलात राबली. कॅनडाच्या सैन्यासाठी बॉम्बार्डिए यांनी आखलेल्या गाड्यांतून ‘पेंग्विन’ आली.

(दृश्य: नकाशा. चर्चिल ते एडमंटन)

तिची खरी कसोटी लागली युद्ध संपल्यावर. 15 फेब्रुवारी 1946 रोजी हडसन उपसागराच्या काठावरच्या चर्चिलहून पेंग्विन गाड्यांचा ताफा निघाला. या लष्करी सरावाचं नाव ‘एक्सरसाइज मस्क-ऑक्स’. शत्रू कुणीच नव्हता. माणसं आणि यंत्रं या थंडीत टिकतात का, एवढंच पाहायचं होतं. इंधन आणि रसद विमानांनी पोहोचवली. सुमारे 5,000 किलोमीटरचा हा प्रवास मे महिन्यात एडमंटनला संपला. गाड्या पोहोचल्या खऱ्या, पण विमानांच्या आधाराशिवाय पोहोचल्या नसत्या. माझ्या मते या मोहिमेचा सगळ्यात मोठा धडा हाच.

1959 साली बॉम्बार्डिए यांची छोटी स्नोमोबाइल ‘स्की-डू’ बाजारात आली आणि पुढच्या काही वर्षांत तिनं आर्क्टिकचे मूळ रहिवासी असलेल्या इनुइट लोकांच्या वस्त्यांमधल्या बहुतेक कुत्र्यांच्या गाड्यांची जागा घेतली.

आज कॅनडाच्या उत्तरेत गस्तीची भिस्त ‘कॅनेडियन रेंजर्स’वर आहे. हे अर्धवेळ राखीव सैनिक, त्यातले अनेक इनुइट. लाल स्वेटशर्ट घालून ते बहुधा स्वतःच्याच स्नोमोबाइलवर निघतात आणि गाडीच्या वापराबद्दल सैन्य त्यांना भत्ता देतं. मागे दोरानं बांधलेली ‘कामुतिक’ ही लाकडी घसरगाडी, तिच्यावर तंबू आणि पेट्रोलचे डबे. वाऱ्यानं बर्फावर उठवलेल्या कडांवरून ते दिशा ओळखतात. दक्षिणेतून सरावाला आलेल्या तुकड्यांना ते वाट दाखवतात आणि समुद्रावरचा बर्फ कुठे भार पेलेल, कुठे नाही, हेही तेच सांगतात.