काचेवरचा न हलणारा ठिपका

(कॉकपिट. मागच्या सीटवरचा कॅमेरा. इंजिनाची घरघर.)

हे चार आसनांचं, एका इंजिनाचं विमान. पंख छपरावर. उंची 2500 फूट, वेग 90 नॉट, म्हणजे ताशी साधारण 167 किलोमीटर. आकाश निरभ्र आहे. दोन विमानांची हवेत टक्कर होते ती धुक्यात किंवा रात्रीच्या अंधारात, असा आपला समज असतो. बहुतेक टकरी अशाच लख्ख दिवसा झालेल्या आहेत, आणि त्याही विमानतळाच्या आसपास.

डावीकडे बसलेल्या वैमानिक बाईंच्या मांडीवरचा नकाशा बघा. मोठ्या विमानतळाभोवती वर्तुळात वर्तुळं काढलेली आहेत. ही त्या विमानतळाची हवाई हद्द. उतरंड उलटी करून ठेवली तर जशी दिसेल तशी तिची रचना असते: जमिनीलगत घेर लहान, वर जाल तसा मोठा. आत जायचं तर जमिनीवरून रडारवर लक्ष ठेवणाऱ्या कंट्रोलरची परवानगी लागते. ती मिळाली नाही, तर लहान विमानाने या उतरंडीच्या कडेकडेने, खालून जायचं.

आता खिडकीतून खाली बघा. नदी. हद्दीच्या खालून जाणाऱ्या प्रत्येकाला हीच नदी सोयीची. नकाशावर ठळक, वरून ओळखायला सोपी, चुकायची भीती नाही. त्यामुळे सगळेच तिच्यावरून जातात, आणि वर हद्दीचं छत असल्यामुळे उंचीही सगळ्यांची जवळपास सारखीच राहते. एवढं मोठं आकाश, पण लहान विमानांच्या वाट्याला येते ती ही चिंचोळी गल्ली.

(रेडिओचा आवाज. कॅमेरा वैमानिकाच्या मानेवर.)

कंट्रोलर सांगतोय: ट्रॅफिक, एक वाजता, तीन मैल, उजवीकडून डावीकडे, दोन इंजिनांचं विमान, उतरतंय. आपण घड्याळाच्या मध्यावर बसलोय आणि बारा समोर आहेत, असं धरायचं. एक म्हणजे समोर, जरा उजवीकडे. बाईंची मान बरोबर तिकडे वळलेली दिसते. त्या उत्तर देतात, ‘लुकिंग आउट’, आणि शोधत राहतात.

तिथे काहीच नाही.

ही चित्रफीत आम्ही कितीतरी वेळा थांबवून पाहिली. सांगितलं तिथेच त्या बघतायत. मग दिसलं का नाही?

वारा डावीकडून येतोय, चांगला जोराचा. सरळ रेषेत जायचं तर विमानाचं नाक वाऱ्याकडे, डावीकडे, थोडं वळवून ठेवावं लागतं. नावाडी धारेच्या विरुद्ध बाजूला नावेचं तोंड धरतो, तसंच. कंट्रोलरच्या पडद्यावर हे वळलेलं नाक दिसत नाही. विमान जमिनीवरून कोणत्या दिशेने सरकतंय, एवढंच त्याला दिसतं, आणि तो त्यावरून घड्याळ सांगतो. विमान हळू आणि वारा जोराचा असला की दोघांच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. त्याचा एक म्हणजे बाईंचा दीड. आणि या विमानात, या सीटवरून, दीड वाजता काय आहे? पुढच्या काचेचा खांब. चित्र मोठं करून दाखवतोय. खांब तळहाताएवढाही रुंद नाही, पण मैलभर दूरचं विमान त्यामागे अख्खं लपतं.

ते खांबामागून बाहेर का येत नाही, हेही समजून घ्यायला हवं. आपली नजर हलणाऱ्या गोष्टीकडे आपोआप जाते. पण दोन विमानं सरळ रेषेत, आपापल्या वेगाने टकरीच्या वाटेवर असतील, तर समोरचं विमान काचेवर जागच्या जागी राहतं. सरकत नाही, फक्त वाढतं. तेही आधी इतकं हळू की लक्षातच येत नाही, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम. जे सरकताना दिसतं ते बहुधा बाजूने निघून जाणार असतं. भीती आहे ती न सरकणाऱ्याची.

शिवाय डोळ्यांचंही एक दुखणं आहे. कोऱ्या आकाशात नजर ठरायला काही नसलं, की डोळे सैलावतात आणि जवळच्याच अंतरावर, काही मीटरांवर, स्थिरावतात. माणूस बघत असतो, पण लांबचं त्याला धूसर दिसतं. म्हणून शिकवताना सांगतात, आकाश एका झटक्यात फिरून बघू नका. दहा-दहा अंशांचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर किमान एक सेकंद थांबा. बाईंची मान तशीच चाललेली दिसते, टप्प्याटप्प्याने. हे शिकलेल्या माणसाचं बघणं आहे. अशा प्रसंगानंतर ‘पायलटचं लक्ष नव्हतं’ असं बोलून मोकळे होणाऱ्यांनी ही तीस सेकंदं जरूर बघावीत.

(काळ्या पडद्यावर आकडा: 12.5)

अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने वैमानिकांसाठी काढलेल्या पत्रकात हा आकडा दिलेला आहे. समोरचं विमान नजरेला पडल्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद. त्यातली पाच सेकंदं टक्कर होणार आहे हे उमगायला, चार सेकंदं डावीकडे वळू की उजवीकडे हे ठरवायला. हात हलायला अर्ध्या सेकंदाहूनही कमी, आणि विमान ऐकायला दोन. इथे दोन्ही विमानं साधारण 190 नॉट वेगाने एकमेकांजवळ येतायत. साडेबारा सेकंदांत सव्वा किलोमीटर संपतो. नियम सांगतो, उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. पण वाट द्यायची ती दिसल्यावर.

(पुन्हा कॉकपिट. रेडिओ.)

कंट्रोलर दुसऱ्यांदा बोलतो. अंतर दीड मैल, उंची आता सारखीच. बाईंचं उत्तर ऐका. ‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट’, दिसत नाही, आणि त्याच श्वासात, दिशा द्या. हे म्हणायला किती वेळ लागला ते मोजा. एक सेकंदही नाही. आम्ही ज्या ज्या वैमानिकांशी बोललो, त्यांतल्या कितीतरी जणांनी कबूल केलं की इथे जीभ अडखळते. ‘दिसलं’ म्हणण्याचा मोह होतो, कारण ‘दिसत नाही’ म्हणजे आपली नजर कमी पडली असं वाटतं.

कंट्रोलर सांगतो: उजवीकडे वळा, लगेच. त्या वळतात. उजवा पंख खाली जातो आणि बाईंना ज्या बाजूला बघायचंय तीच बाजू झाकून टाकतो. पंख वर असलेल्या विमानाची ही अडचणच आहे. पंख सरळ होतो.

(आवाज नाही. पुढची आठ सेकंदं निवेदन नाही.)

त्या दुसऱ्या विमानाची चाकं बाहेर आलेली होती. एवढं स्पष्ट दिसलं.

दोन्ही विमानं सुखरूप उतरली, अहवाल गेला.

(जुनी छायाचित्रं.)

25 सप्टेंबर 1978, सॅन डिएगो. बोइंग 727च्या वैमानिकांना समोरच्या सेस्ना 172ची सूचना मिळाली होती. त्यांना ती दिसलीही होती, आणि मग नजरेतून सुटली. 144 माणसं गेली. 31 ऑगस्ट 1986, लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस. डीसी-9 आणि लहान पायपर. 82 माणसं, त्यातली 15 जमिनीवरची. पायपर परवानगी न घेता हद्दीत शिरलं होतं, ही चूक त्याची होती. पण हेही सांगायला हवं, की त्यात स्वतःची उंची कळवणारं यंत्र नव्हतं. त्यानंतर अमेरिकेत गजबजलेल्या विमानतळांभोवती 30 नॉटिकल मैलांच्या आत ते सक्तीचं झालं. मोठ्या विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा आली. समोरच्या विमानातल्या ट्रान्सपॉन्डरने, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राने, उंची सांगितली तरच ती ‘वर जा’, ‘खाली जा’ असा आदेश देऊ शकते.

(कॅमेरा अगदी जवळ: ट्रान्सपॉन्डरचा खटका.)

हा तो डबा. चार आकडे आणि एक खटका. याच्या जोडीला आता एडीएस-बी आहे. विमान उपग्रहांवरून स्वतःची जागा काढतं आणि साधारण सेकंदाला एकदा सगळ्यांना सांगत राहतं. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून गजबजलेल्या हद्दीत ते बंधनकारक आहे. ग्लायडर, बलून आणि विजेची यंत्रणा नसलेली जुनी विमानं यांना सूट मिळते. आम्हाला ही सूट पटत नाही. नदीवरच्या त्या गल्लीत तीही उडतात, आणि त्यांना शोधायला तिथे फक्त डोळे असतात. बॅटरीवर चालणारी, हातात मावणारी यंत्रं आता मिळतात.

(पहाट. विमानाभोवती फिरून तपासणी.)

प्रसंगानंतरचं हे पहिलं उड्डाण. बाई काच पुसतायत, आतून आणि बाहेरून. काचेवर चिकटलेला एक किडा त्या नखाने खरवडून काढतात. मेलेला किडा आणि दोन मैलांवरचं विमान काचेवर सारखेच दिसतात.

पट्टा बांधला. खटका फिरवला. आता एक नवी गोष्ट बघा: त्या पुढे वाकतात, खांबाच्या अलीकडून बघतात, मागे रेलतात, पलीकडून बघतात. जमिनीवर असतानाच दोनदा.

(हवेत. रेडिओ: ट्रॅफिक, अकरा वाजता, चार मैल.)

‘निगेटिव्ह कॉन्टॅक्ट.’